टेकडी चढायला ये

देवास, कोजागिरीनंतरचा रविवार

चि. सोनूस,


ताईनं फोनवर सांगितलं की तू धावायचे बूट माळ्यावर टाकलेस. न्यूमोनिया उतरून दोन महिने झाले, छातीचा फोटो स्वच्छ आला, डॉक्टर म्हणाले हळूहळू सुरू कर. तू म्हणालीस, हळूहळू धावायचं असेल तर मला धावायचंच नाही. हे ऐकल्यापासून मला चैन नाही. फोनवर तू विषय बदलशील, म्हणून लिहिते आहे.

साताऱ्याची शर्यत हुकल्याचं दुःख मला कळतं. यवतेश्वरचा घाट तू कशी चढतेस ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पहाटेच्या धुक्यात, कासकडे जाणाऱ्या त्या वळणांवर, तुझे खांदे सैल होते आणि श्वास पावलाशी बांधलेला होता. ज्या शरीरानं हे केलं ते आता जिना चढताना थांबतं, याचा राग येणारच. पण राग आहे म्हणून बूट माळ्यावर टाकू नकोस. डिसेंबरात माझ्याकडे राहायला ये.

मला हे सांगायचा अधिकार आहे. 2021 च्या एप्रिलमध्ये मी आजारातून उठले तेव्हा पलंगापासून न्हाणीघरापर्यंत जाताना भिंतीचा आधार लागत होता. जूनमध्ये पहिल्यांदा टेकडीशी गेले. आमच्या मातेच्या टेकडीला दोन वाटा आहेत, एक पायऱ्यांची आणि दुसरी उताराची, तिला इथे रपट म्हणतात. आता दोरीवरचा पाळणाही झाला आहे. मी चाळीस पायऱ्या चढले आणि बसले. दुसऱ्या दिवशीही चाळीसच. हार-नारळ विकणारी एक बाई रोज बघत होती. आठवड्यानं तिनं मला बसायला पाट दिला आणि म्हणाली, "दीदी, माता कहीं भागी जा रही है क्या?" वर पोचायला मला एकोणीस दिवस लागले. त्यानंतर दोन महिन्यांनी मी रपटेवर पहिल्यांदा धावले, तेही दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर. त्या अंतरानं झाला तेवढा आनंद मला तुझ्या वयात जिंकलेल्या कुठल्याही शर्यतीत झाला नव्हता, हे अगदी खरं सांगते.

वर थोरली माता तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. दोघींच्या देवळांभोवती परिक्रमेची वाट आहे. लोक अनवाणी फिरतात, नवरात्रात तर पाय ठेवायला जागा नसते. मी पहाटे पाचला जाते, कारण ही वाट आधी त्यांची आहे. कुणी म्हातारी समोर आली की चालायला लागायचं, ती पुढे गेली की पुन्हा धावायचं. असं थांबत-थांबत धावण्यानं छाती जितकी सुधारते तितकी घड्याळ बघून धावण्यानं सुधारत नाही, हा माझा अनुभव.

टेकडीच्या पायथ्याशी कुमारजींचं घर आहे, भानुकुल. तू लहानपणी अंगणातून पाहिलं होतंस, पण तेव्हा ही गोष्ट सांगण्याइतकी तू मोठी नव्हतीस. कुमार गंधर्व 1948 मध्ये इथे आले ते क्षय झाला म्हणून, माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून. वय अवघं तेवीस-चोवीस. ज्याचं गाणं ऐकायला दहाव्या-अकराव्या वर्षापासून सभागृहं भरत होती त्याला डॉक्टरांनी सांगितलं, गायचं नाही. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. पत्नी भानुमतीबाईंनी नोकरी करून, शुश्रूषा करून त्यांना जगवलं. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं आणि आजार हटला. 1953 मध्ये ते पुन्हा मैफिलीत बसले. 

मला त्या मधल्या वर्षांचं फार वाटतं. पडल्या पडल्या ते ऐकत होते: रस्त्यानं जाणाऱ्या बायका, फिरते गायक, माळवी लोकगीतं. आणि परत गायला लागले तेव्हा जुना लांबलचक दमसास मागत बसले नाहीत. जेवढा श्वास होता तेवढ्यातच तान तोडून, स्वर फेकून, मधली शांतता वापरून त्यांनी गाणं उभं केलं. जाणकार त्या गायकीची अनेक कारणं देतात, मी गाण्यातली नाही. पण धावणारी म्हणून मला त्यात एवढं दिसतं की त्या माणसानं उरलेल्या श्वासाला कमी लेखलं नाही. सोनू, तुझी तर दोन्ही फुप्फुसं शाबूत आहेत.

टेकडी जमली की तुला बागलीकडच्या रानात नेईन. देवासहून दक्षिणेला गेलं की गव्हा-हरभऱ्याची सपाट काळी जमीन संपते आणि विंध्याच्या उतरणीचं सागाचं जंगल लागतं. पावसाळ्यात ती काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांत प्रत्येक पाय शेरभर जड होतो, म्हणून मी तुला आत्ता नाही, डिसेंबरात बोलावते आहे. तोवर वाटा टणक होतात. मात्र फाल्गुनापर्यंत थांबू नकोस. सागाची पानं गळली की सुपाएवढ्या वाळक्या पानांखाली दगड दिसत नाहीत, आणि घोटा तिथेच मुरगळतो. डिसेंबरात गवत पिकलेलं असेल, कुसळं मोज्यांतून आरपार जातात, तेव्हा लांब, घट्ट विणीचे मोजे आण. खिवनी अभयारण्याच्या हद्दीत आपण धावत नाही. बाहेरच्या गाडीवाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांवरून सकाळी मोळ्या घेऊन येणाऱ्या बायका असतात. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला वाट सोडायची ती वरच्या अंगाला सरकून, खालच्या नाही. म्हणजे ओझ्याचा धक्का लागला तरी आपण उतारावरून खाली जात नाही.

बागली तालुक्यातच कवडिया पहाड आहे. दगडाचे लांबट, कोनदार खांब, तोडून रचून ठेवलेल्या तुळयांसारखे. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना भेगा पडतात आणि असे खांब सुटे होतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तू पाहिली आहेस, तोच प्रकार. फरक असा की इथल्या दगडावर दगड आपटला की धातूसारखा नाद येतो. गावकरी म्हणतात भीमानं आणून टाकले. तिथे धावता येत नाही, हातांनी धरत चढावं लागतं, पण वर बसून तू दोन्ही बाजूंची रानं पाहावीस असं मला फार वाटतं.

आणि मग मांडू. याच्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहीत होते.

ताई आणि मी धारला वाढलो हे तुला माहीत आहे. ताई तुला कधी सांगणार नाही, पण ती माझ्याहून वेगानं धावायची. मुंज तलावाच्या काठानं आम्ही पहाटे पळायचो, दोन वेण्या आणि शाळेचा फ्रॉक. तिचं लग्न झालं आणि ते थांबलं. मी एकटी धावत राहिले. धारहून नालछ्यावरून मांडूला जाताना शेवटी पठार एकदम तुटतं आणि काकडा खोहची दरी येते. मांडूचा डोंगर माळव्यापासून त्या दरीनं अलग केलेला आहे. तटाचा घेर 35 किलोमीटरहून जास्त. तो सलग धावता येत नाही, जागोजाग ढासळला आहे, झाडीत हरवला आहे. पण सागर तलावापासून रेवा कुंडावरून रूपमतीच्या महालापर्यंतची चढण धावण्यासारखी आहे. वाटेत गोरखचिंचेची झाडं लागतात, हत्तीच्या पायासारख्या बुंध्यांची, मूळची आफ्रिकेतली. भिल्ल बायका त्यांची आंबट फळं आणि थंडीत सीताफळं रस्त्याकडेला विकतात. जुन्या कमानींत आग्या मोहोळं असतात, तिथून हळू आणि गुपचूप जायचं. महालाच्या गच्चीवर उभं राहिलं की पायाखाली जवळजवळ हजार फूट तुटलेला कडा, खाली निमाड, आणि हवा स्वच्छ असली तर दूर नर्मदेची रेघ.

नैऋत्येला तारापूर दरवाजा आहे, तिथून जुनी वाट निमाडात उतरते. चिमाजीअप्पांची फौज नर्मदा ओलांडून मांडूजवळच्याच घाटानं वर आली आणि 29 नोव्हेंबर 1728 ला अमझेऱ्याला माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर याचा पाडाव झाला. बरोबर उदाजी पवार होते. त्या घाटवाटांमुळे पुढे धार पवारांचं झालं आणि आपल्यासारखी मराठी घरं इथे रुजली. फौजेच्या आधी आणि नंतर त्या वाटांनी जासूद धावले असणार. पेशवाईच्या कागदांत शब्द येतो तो जासूदजोडी. पत्र घेऊन दोघं निघायचे. कारण कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही, पण रानात धावणाऱ्याला ते सांगावं लागत नाही. एकाचा पाय मुरगळला, एकाला ताप भरला, तर दुसरा आहे.

चाळीस वर्षं मी त्या वाटेनं एकटी उतरायचं टाळलं आहे. बिबट्याची भीती आहे, पण तेवढीच नाही. तिथे ताई बरोबर असायला हवी होती.

म्हणून माझा बेत असा. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, तोवर तुझी छाती जे म्हणेल त्या गतीनं, तू आणि मी तारापूर दरवाज्यातून खाली उतरायचं. गावातला वाट जाणणारा एक माणूस पुढे असेल, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. ताई गाडीनं पायथ्याला येईल. तिला मी अजून सांगितलेलं नाही, तू सांग. तिनं शेवटचा कोसभर आपल्याबरोबर चालायचं आहे, आणि पायांत चपला नको, बूट हवेत. तिच्या पायाचं माप मला आठवत नाही, ते फोनवर कळव. मी इथे घेऊन ठेवते.

तुझी,
मावशी