भनपुरीहून सुयांच्या खोलीपर्यंत: आयव्हीएफ आणि अ‍ॅक्युपंक्चर

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलात की शहर संपता संपता भनपुरी येतं. गोदामं, ट्रकच्या रांगा, चहाच्या टपऱ्या आणि पुढे उरला-सिलतराचे लोखंडाचे कारखाने. इथे दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घरात घेता येत नाहीत, एवढी काळी धूळ! माझा दादा इथेच नोकरीला आहे. मागच्या वर्षी मी दोन महिने त्याच्याकडे राहिले, ते वहिनीच्या सोबतीसाठी. तिची आयव्हीएफ ट्रीटमेंट चालू होती.

हॉस्पिटलचं काम झालं की आम्ही रिक्षाने अ‍ॅक्युपंक्चरला जायचो. वाटेत तात्यापारा लागायचं. हे नाव पाहून वहिनी दर वेळी खूश व्हायची. 1854 पर्यंत छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. त्या मराठी खुणा शहरात अजून भेटतात.

सोलापूरचा धागा

वहिनीचं माहेर सोलापूरचं. तिथले डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि 1959 मध्ये त्यांनी कोलकात्यात ते सुरू केलं. "म्हणजे ही सुई आमच्या गावच्या ओळखीतलीच की!" वहिनी म्हणाली.

त्या खोलीत काय होतं?

केसासारख्या बारीक सुया. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं, मग अर्धा तास शांत पडून राहायचं. मोबाइल बाहेर, ट्रकचे हॉर्न बाहेर. वहिनी म्हणायची, "इथे तरी 'गोड बातमी कधी?' असं कुणी विचारत नाही गं." त्या दिवशी तिला झोप छान लागायची.

पण पहिला प्रयत्न यशस्वी झाला नाही. भ्रूण गर्भाशयात सोडलं त्या दिवशी रस्ता तुंबला होता, त्यामुळे आमचं सुयांचं सेशन चुकलं होतं. ओळखीच्या एका बाईंनी तर "सुया घेतल्या की राहतंच" असं छातीठोकपणे सांगितलेलं. वहिनी रात्री गच्चीवर रडत होती. "त्या दिवशी गेले असते तर?"

आकडे काय सांगतात?

तुमच्याही मनात हा प्रश्न असेल, तर हे नक्की वाचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या 848 स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. काहींना खरं अ‍ॅक्युपंक्चर दिलं, काहींना त्वचेत न शिरणाऱ्या नकली सुया. 2018 मध्ये निकाल आला: खऱ्या सुयांच्या गटात 18.3 टक्के स्त्रियांना बाळ झालं, नकली सुयांच्या गटात 17.8 टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. त्याआधीच्या काही छोट्या अभ्यासांनी मोठी आशा दाखवली होती, पण या मोठ्या अभ्यासात ती टिकली नाही.

मी हे आकडे वहिनीला दाखवले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नाही."

तुम्ही जाणार असाल तर

• आधी तुमच्या आयव्हीएफ डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा.
• सुया नव्या, एकदाच वापरायच्या आहेत ना, हे बघा.
• उपचार करणाऱ्यांचं शिक्षण आणि नोंदणी विचारा.
• कुणी बाळाची गॅरंटी देत असेल, तर तिथून उठा.
• यासाठी मूळ उपचारांचे पैसे किंवा तारखा मोडू नका.

वहिनी आता दुसऱ्या प्रयत्नाची तयारी करते आहे. सुयांनाही जाते, पण मन शांत व्हावं म्हणून. रस्ता तुंबला तर रिक्षा वळवून घरी येते, आलं घालून चहा टाकते आणि मला फोन लावते. तुमच्या घरात कुणी या वाटेवर असेल, तर तिला सल्ला नंतर द्या. आधी तिच्यासोबत रिक्षात बसा.