हरणी : बंगळुरूच्या घरातली एक मुधोळ कुत्री

मुधोळ हाउंड ही नजरेने सावज हेरून वेगाने गाठणाऱ्या कुत्र्यांची दख्खनी जात आहे. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात घटप्रभेकाठी वसलेल्या मुधोळवरून तिला हे नाव मिळाले. महाराष्ट्राच्या सीमाभागात हिलाच कारवानी म्हणतात, आणि कानांवर, पायांवर, शेपटीवर लांब रेशमी केस असतील तर पश्मी. खोल छाती, पाठीला चिकटलेले पोट, लांब मान, खांद्यापाशी पासष्ट-सत्तर सेंटिमीटर उंची आणि तरीही वजन पंचवीस किलोच्या आसपास, अशी तिची बांधणी. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या जातीची कुत्री पंचम जॉर्ज यांना भेट दिली, तेव्हापासून तिचे नाव देशाबाहेर गेले. गावात मात्र ती शेतकऱ्याची कुत्री राहिली: रात्री वस्तीची राखण आणि दिवसा सशामागे धाव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. पिढ्यानपिढ्या निवडून जोपासलेला वेग मात्र तसाच राहिला.

पुढे या जातीचे कौतुक वाढले. २००५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीट निघाले, २०१६ मध्ये लष्कराने मीरतच्या केंद्रात मुधोळ पिल्लांना शिकवायला घेतले, आणि ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाल्यावर शहरांतून पिल्लांची मागणी आली. रानात पळण्यासाठी घडलेला प्राणी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कसा राहतो, हे हरणीच्या आयुष्यावरून चांगले समजते. हरणी ही पश्मी कुत्री बंगळुरूच्या दक्षिण भागातल्या एका मराठी घरात तेरा वर्षे राहिली.

ती आली तेव्हा नऊ आठवड्यांची होती. जन्म मुधोळजवळच्या एका वस्तीवरचा, गोठ्याशेजारी, काळ्या मातीत. पहिल्या आठवड्यात तिने गुळगुळीत फरशीवर एकदाही शी केली नाही. केली ती पायपुसण्यावर, सतरंजीवर आणि देवघरापुढच्या आसनावर. घरच्यांना ही खोडी वाटली. पण कारण वेगळे होते. पिल्लू साधारण आठ-नऊ आठवड्यांचे होईपर्यंत पायाखालच्या कोणत्या पृष्ठावर बसायचे हे ठरवून टाकते. हरणीच्या पायांना भुसभुशीत माती ठाऊक होती, आणि त्या घरात मातीच्या जवळ जाणारी वस्तू म्हणजे सतरंजी. तिने आपल्या परीने योग्य जागाच शोधली होती.

इथे शहरातली एक अडचण आड येते. पार्वो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे लसींचा क्रम पूर्ण होईपर्यंत पिल्लाला भटकी कुत्री फिरतात अशा रस्त्यावर सोडता येत नाही. सवय लावण्याचे सर्वांत मोलाचे दिवस नेमके तेच असतात. या घराने त्यावर काढलेला उपाय इतरांनीही करण्याजोगा आहे. बांधकामावरचे एक मोठे पसरट घमेले बाल्कनीत ठेवले आणि त्यात नर्सरीतल्या बंद पिशवीतली, कोकोपीट मिसळलेली लाल माती भरली. माती काळीऐवजी लाल असल्याची हरणीला काहीच अडचण वाटली नाही. तिसऱ्या दिवशी ती आपणहून घमेल्यात बसली. वासावरून जागा ओळखता यावी म्हणून घमेल्याच्या कडेला आधीच्या शूचा बोळा ठेवला होता, त्याचाही उपयोग झाला.

जागा ठरल्यावर वेळ. पिल्लू जितक्या महिन्यांचे, त्यात एक मिळवला तर तेवढे तास ते जास्तीत जास्त कळ सोसू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास हीच शिकस्त, आणि जागेपणी खेळताना त्याहून बरेच कमी. झोपेतून उठल्यावर लगेच, खाल्ल्यानंतर पाव तासात, आणि खेळ रंगात असताना मध्येच, या तीन वेळा जवळजवळ ठरलेल्या. घरातल्या आजींनी कालनिर्णयच्या चौकोनांत शूसाठी टिंब आणि शीसाठी फुली मारायला सुरुवात केली. दोन आठवड्यांत त्या ठिपक्यांवरून हरणीचे घड्याळ वाचता येऊ लागले. सकाळी साडेपाच, मग न्याहारीनंतर, मग दुपारी झोपून उठल्यावर. सवय लावणे म्हणजे बहुतांशी पिल्लाला चुकायची संधीच न देणे, आणि त्यासाठी माणसाला आधी स्वतःची वेळ पाळावी लागते. घमेल्यात बसल्याबरोबर, त्या क्षणी, शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा मिळे. घरात परत आल्यावर दिलेल्या खाऊचा संबंध पिल्लू घरात येण्याशी जोडते, शूशी नाही.

चूक झाली तर नाक घासायचे किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी उगारायची, ही जुनी पद्धत सर्वच कुत्र्यांसाठी वाईट, आणि मुधोळसाठी फार वाईट. ही जात मनाने हळवी आहे. ओरडा बसलेले पिल्लू शू थांबवत नाही. ते माणसादेखत शू करणे थांबवते आणि कपाटामागे जाऊ लागते. फरशी पुसण्याचेही एक शास्त्र आहे. अमोनियाचा वास असलेल्या द्रवाने पुसलेली जागा कुत्र्याच्या नाकाला पुन्हा लघवीसारखीच वाटते. लघवीतले घटक मोडणारे एन्झाइमयुक्त औषध आता दुकानांत मिळते. ते नसेल तर पाण्यात मिसळलेले व्हिनेगर बऱ्यापैकी काम करते.

बंगळुरूतल्या घराला भाषेचा प्रश्नही असतो. आजी ‘ये’ म्हणत, कामाला येणाऱ्या बाई ‘बा’ म्हणत, मुले ‘कम’ म्हणत, आणि हरणी तिघांकडे सारखीच पाहत उभी राही. शेवटी बोलावण्यासाठी कन्नड ‘बा’ ठरला, कारण वॉचमन आणि शेजारी तोच वापरत. थांबवण्यासाठी मराठी ‘थांब’ ठेवला. एका कृतीला एकच शब्द ठरल्यावर आठवड्याभरात फरक पडला.

पाचव्या महिन्यात, शी-शूची घडी बसली असताना, दुसरे संकट उभे राहिले. हरणीने सोफ्याची एक बाजू उसवली, दाराची चौकट कुरतडली, संध्याकाळी घरभर चकरा मारू लागली. घरच्यांनी सकाळ-संध्याकाळ एकेक तास साखळीला बांधून फुटपाथवर चालवले. ती आणखी बेचैन झाली. चपळ कुत्रा म्हणजे दिवसभर दमवायचा कुत्रा, हा समज इथे नडतो. मेंढपाळी कुत्रा दिवसभर चालतो. नजरेवर पळणारा कुत्रा काही मिनिटे सर्व ताकदीने धावतो आणि मग तासन्‌तास झोपतो. माणसाच्या चालीने चालणे हे हरणीच्या लेखी काम नव्हतेच. ओळखीच्यांच्या भिंतबंद मोकळ्या जागेत सकाळी दोरीला चिंधी बांधून ती जमिनीलगत ओढायला सुरुवात केली, तेव्हा दहा मिनिटांच्या धावांत तिचे समाधान होऊ लागले. घरी येऊन ती दुपारपर्यंत हलत नसे. हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे सव्वा वर्षापर्यंत, सक्तीची लांब धाव टाळली आणि माती मऊ असेल अशीच जागा निवडली. धाव आणि जेवण यांत तास-दीड तासाचे अंतर कटाक्षाने ठेवले. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो, आणि तो काही तासांत जीव घेतो.

मोकळ्या रस्त्यावर तिला कधीही सोडले नाही. महापालिकेच्या २०२३ च्या गणनेत या शहरात सुमारे २ लाख ७९ हजार भटकी कुत्री आढळली. प्रत्येक गल्लीला तिचा स्वतःचा कळप असतो. शिवाय खार किंवा मांजर दिसले की या जातीच्या कानात हाक शिरत नाही. हा अवज्ञेचा भाग नाही, तिची घडणच तशी आहे. नवव्या महिन्यात साधा गळपट्टा डोक्यावरून निसटला आणि हरणी मांजरामागे तीन गल्ल्या पार गेली. मुधोळचे डोके मानेइतकेच निमुळते असते. त्यानंतर ओढ बसल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा रुंद पट्टा आला, आणि तो अखेरपर्यंत राहिला.

पावसाने घेतलेली परीक्षा घरच्यांना सर्वांत अवघड गेली. कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, त्यामुळे हरणीला भिजणे अजिबात सोसत नसे. बंगळुरूत जूनपासून नैऋत्येचा आणि मग नोव्हेंबरपर्यंत परतीचा आणि ईशान्येचा, असा पाऊस लांबतो. ती दारापर्यंत येई, थेंब पाहून मागे फिरे, आणि रात्रभर कळ दाबून बसे. इमारतीखालच्या पार्किंगच्या कडेला, छताच्या आत येणारा मातीचा पट्टा तिला दाखवला तेव्हा हा पेच सुटला. सोसायटीत एकदा कुत्र्याला लिफ्ट बंद करण्याची चर्चा निघाली. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वे अशी बंदी मान्य करत नाहीत. ती दाखवल्यावर, आणि प्रत्येक वेळी शी उचलण्यासाठी पिशवी हातात असते हे शेजाऱ्यांनी पाहिल्यावर, चर्चा थांबली. डिसेंबरात पहाटे पारा पंधराच्या आसपास उतरला की तिला जुन्या स्वेटरचे झबले लागे.

तिसऱ्या वर्षी ती अचानक घरात शू करू लागली. सवय मोडली असे वाटले. तपासणीत मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि औषधाने दहा दिवसांत सारे पूर्ववत झाले. घडी बसलेला कुत्रा चुकू लागला तर रागवण्याआधी लघवी तपासून घ्यावी. तसेच गोचिडांचे. या शहराच्या सौम्य हवेत गोचीड बाराही महिने असतात आणि त्यांच्यापासून येणारा ताप नाकातून रक्त येण्यापर्यंत जाऊ शकतो. हरणीचे कान आणि बोटांच्या बेचक्या रोज चाचपल्या जात. भूल देण्याची वेळ आली तेव्हा जात आधी सांगितली गेली, कारण अंगात चरबी नसलेल्या या कुत्र्यांवर काही भुलीची औषधे जास्त वेळ राहतात.

जेवण साधे होते: ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून, कधी नाचणीची अंबील, दहीभात, उकडलेले अंडे, आठवड्यातून तीनदा कोंबडी. फोडणीचे काही नाही, आणि कांदा, द्राक्षे, मनुका तर मुळीच नाहीत. हे तिन्ही कुत्र्यांना विषारी.

दहाव्या वर्षानंतर धाव कमी झाली. बाराव्या वर्षी चिंधी पाहून ती चार पावले टाकी आणि उभी राही. तेराव्या पावसाळ्यात मागचे पाय अधू झाले, रात्री शू आवरेना, आणि पार्किंगपर्यंत चालत जाणे तिला जमेना. घरच्यांनी माळ्यावरून ते घमेले काढले, त्यात लाल माती भरली आणि बाल्कनीत त्याच कोपऱ्यात ठेवले. तिला वास घ्यावा लागला नाही. पहाटे साडेपाचला आजी तिला पोटाखाली पंचाचा आधार देऊन तिथवर नेत, आणि कालनिर्णयच्या चौकोनांत पुन्हा टिंबे पडू लागली. ती ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आहेत.