हुकाच्या मागचे वजन

कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गळीत सुरू झाले, की फडापासून गव्हाणीपर्यंतच्या वाटांवर, म्हणजे ऊस जेथे तोडला जातो तेथपासून तो कारखान्यात जेथे ओतला जातो तेथपर्यंत, बैलगाड्या, ‘अंगद’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या लहान गाड्या, दहा चाकी ट्रक आणि दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अशी सारी वाहने एकाच वेळी धावू लागतात. ट्रक आपला भार स्वतःच्या चेसिसवर वाहतो. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मात्र स्वतःच्या वजनाच्या आठ-दहा पट भार एका लोखंडी पिनेच्या भरवशावर मागून ओढत आणतो. त्यामुळे जड ओढीसाठी डिझेलचे वाहन कसे निवडावे आणि कसे राखावे या प्रश्नाचा विचार या जिल्ह्यात करायचा, तर तो या ट्रॅक्टरपासूनच करावा लागतो, आणि तो करताना खरेदीदाराची नजर जेथे सर्वांत आधी जाते त्या इंजिनापेक्षा इंजिनाच्या मागे जे जे असते त्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

नजर इंजिनाकडे जावी हे या भागात स्वाभाविक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तेव्हाच्या औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली, पुढे तिचा कारखाना कागलच्या औद्योगिक वसाहतीत आला, आणि कोल्हापूर शहरात शिवाजी उद्यमनगराच्या लेथांपासून शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्रींपर्यंत ओतकामाची व यंत्रकामाची अशी परंपरा उभी राहिली, की सिलिंडर हेड किंवा गिअरबॉक्सचे घर कसे ओतले जाते हे ठाऊक असलेला माणूस प्रत्येक गल्लीत सापडावा. विहिरीवर आणि नदीकाठी ऑइल इंजिनाच्या ठोक्यावर उसाला पाणी पाजलेल्या पिढीला डिझेलची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा सोळा-अठरा पट दाबली गेल्याने इतकी तापते, की तिच्यात तुषाररूपाने सोडलेले इंधन आपोआप पेटते. अशा इंजिनाचा पिळाचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, कमी फेऱ्यांतच भरपूर मिळतो आणि म्हणूनच अशा ओढीच्या कामाला डिझेललाच पसंती मिळते. मात्र एवढ्यावरून अश्वशक्तीचा आकडा वाढला की ओढ वाढली, असा जो समज विक्रीच्या दालनात आणि पारावरही ऐकू येतो, तो थोडे गणित मांडताच ढिला पडतो.

ऊस आणि दोन ट्रॉल्या मिळून ट्रॅक्टरच्या हुकाच्या, म्हणजे ट्रॉली जेथे पिनेने जोडतात त्या जागेच्या, मागे २५ टन आहेत असे धरावे. सपाट डांबरी रस्त्यावर चाके फिरत ठेवण्यासाठी लागणारा जोर ढोबळमानाने वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ५०० किलोइतका असतो, आणि ताशी २० किलोमीटर वेगाने तो देण्यास सुमारे ३७ अश्वशक्ती पुरते. पन्नासच्या आतले इंजिन हे काम सहज करते. आता रस्त्याला वीस फुटांत एक फूट असा चढ लागला, तर आणखी १,२५० किलोंची भर पडून एकूण ओढ १,७५० किलो होते. तरीही खालच्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरने चालायचे म्हटले, तर लागणारी शक्ती ३२-३३ अश्वशक्तीच्या पुढे जात नाही. इंजिन येथेही कमी पडलेले नाही. कमी पडते ती टायरची पकड, कारण मागच्या दोन चाकांवर ट्रॅक्टरचे जेमतेम १,८०० किलो वजन असेल, तर डांबरावरही त्यातून तेराशे-चौदाशे किलोंहून अधिक ओढ निघणे अवघड असते, आणि मग चाक जागच्या जागी फिरते. ओल्या फडात तर वाटेचा विरोधच दोन टक्क्यांवरून दहाच्या पुढे जातो. म्हणून भरलेल्या ट्रॉल्या शेतातून एकेक करून, प्रसंगी पुढे दुसरा ट्रॅक्टर लावून, बाहेर काढतात आणि रस्त्यावर आणून मग एकमेकींना जोडतात. ही रीत कोणत्या पुस्तकातून आलेली नाही, पण तिच्यामागचे गणित हेच आहे.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो असा, की ओढ वाढवायची असेल तर मागच्या चाकांवरचे वजन वाढवावे लागते. त्यासाठी चाकाला बिडाची वजने बसवतात किंवा टायरच्या ट्यूबमध्ये सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत पाणी भरतात. पुढच्या बाजूलाही वजने लावावी लागतात, कारण जोराची ओढ बसताच ट्रॅक्टर मागे बसू पाहतो आणि पुढची चाके हलकी होतात. पुढची चाके हलकी झाली, की स्टिअरिंग फिरवूनही वाहन वळत नाही. हुकाची उंची हा याच विषयाचा दुसरा भाग आहे. ओढीचा बिंदू मागच्या आसाच्या खाली असला पाहिजे. तो आसाच्या वर गेला, तर मागची चाके हाच टेकू होऊन ट्रॅक्टरचे तोंड वर उठते आणि तो चालकावर उलटू शकतो. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक जॅकच्या वरच्या जोडणीला साखळी लावून रुतलेले वाहन ओढण्याचा मोह याच कारणाने जिवावर बेततो. ट्रॉलीचा प्रकारही येथे विचारात घ्यावा लागतो: दोन चाकी ट्रॉली आपल्या भाराचा काही वाटा हुकावर टाकते आणि त्यामुळे मागच्या चाकांची पकड थोडी वाढवते, तर चार चाकी ट्रॉली आपला सारा भार स्वतःच पेलते आणि ट्रॅक्टरकडून निव्वळ आडवी ओढ मागते.

चढाचे हे गणित उताराला उलटे होते. वर धरलेल्याच उतारावर २५ टनांचा भार चाकांचा विरोध वजा जाता सुमारे ७५० किलो जोराने ट्रॅक्टरला मागून रेटू लागतो, आणि हा रेटा अडवणारे ब्रेक बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनाच असतात, कारण आपल्याकडील बहुसंख्य ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. शेतात आखूड वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे दोन स्वतंत्र पेडल दिलेले असतात. रस्त्यावर येताना ते पट्टीने एकत्र जोडणे चुकले आणि दाब एकाच पेडलवर पडला, तर एकच चाक अडून ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागच्या ट्रॉल्या त्याच्यावर चालून येतात. डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी हवेची वाट अडवणारी झडप नसल्याने पाय काढल्यावर इंजिनाचा रोध मर्यादितच मिळतो. मोठ्या ट्रकना धुराची वाट अडवून गती कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक याचसाठी बसवतात. ट्रॅक्टरला ती सोय नसते, म्हणून राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड अशा डोंगराळ तालुक्यांतून ऊस आणणाऱ्या जाणत्या चालकांचा दंडक असतो, की जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा तसला उतार त्याच गिअरमध्ये उतरावा. डिझेल वाचवण्यासाठी उताराला गाडी न्यूट्रल करणे म्हणजे उरलासुरला रोधही सोडून देणे होय. उतार सुरू झाल्यावर गिअर टाकू म्हटले, तरी भार मागून रेटत असताना तो पडत नाही.

एवढे लक्षात घेतले म्हणजे खरेदीच्या वेळी काय पाहावे याचा क्रम ठरतो. तेलात बुडालेले डिस्क ब्रेक आहेत की कोरडे, क्लच किती व्यासाचा आहे, खालचे गिअर पुरेसे आहेत की नाही, मागचा आस आणि टायर किती भार पेलतात, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात की नाही, हे प्रश्न अश्वशक्तीच्या आधी येतात. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्याने त्यांत कॉमन रेल पद्धतीची इंजिने आली. यांत पंपाने दाबलेले इंधन एका सामाईक नळीत साठते आणि संगणकाच्या आज्ञेने नोझलमधून सुटते. ही इंजिने स्वच्छ चालतात, पण त्यांतला बिघाड मेस्त्रीच्या कानाला नव्हे, तर स्कॅनरला कळतो, आणि भर हंगामात गाडी बंद पडली तर तो स्कॅनर किती लांब आहे हा प्रश्न खरेदीच्याच दिवशी विचारलेला बरा. दुसरा हिशेब उरलेल्या महिन्यांचा. कारखाना वर्षातले चार-पाच महिनेच चालतो. ऊस वाहणाऱ्या ट्रकला त्यानंतर दुसरे भाडे शोधावे लागते, तर ट्रॅक्टर पावसाळ्यात भाताच्या चिखलणीला आणि एरवी रोटाव्हेटरला जुंपता येतो. हप्ते मात्र बारा महिने चालूच असतात.

जुना ट्रॅक्टर घेताना ताजा रंग आणि नवे टायर यांच्यावर विसंबण्यात अर्थ नसतो. इंजिन तापवून तेलाचे झाकण उघडावे; तेथून धुराचे झोत येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन खाली उतरत आहे असे समजावे. त्याहून बोलका पुरावा मात्र मागे, हुकापाशी असतो. पिन काढून तिच्या भोकात बोट फिरवले, म्हणजे मूळचे गोल भोक किती लांबट झाले आहे, त्याच्या मागच्या कडेला झिजलेल्या लोखंडाची धार कशी आली आहे, पिनेच्या कमरेला खाच पडली आहे काय आणि हुकाच्या पाट्याला कोठे वेल्डिंगचा जोड दिला आहे, हे हाताला कळते. तासांचा मीटर बदलता येतो. पण भोकाचा आकार त्या ट्रॅक्टरने किती हंगाम आणि किती भार ओढला हे सांगून जातो. असे भोक रुंदावले, की प्रत्येक गचक्याला पिन आधी मोकळी फिरते आणि मग आदळते, आणि तो आदळा गिअरबॉक्सच्या दातांपर्यंत पोचतो.

हंगामातील देखभाल मोठ्या दुरुस्त्यांची नसते, ती रोजच्या लहानसहान गोष्टींची असते. पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसून हवा अडवतो आणि इंजिन तापते, म्हणून जाळी आतल्या बाजूने हवेचा झोत मारून झाडावी लागते. फडातल्या धुळीने एअर क्लीनरच्या वाटीतले तेल गाळासारखे घट्ट होते. ते वेळीच बदलले नाही, तर इंजिन काळा धूर ओकू लागते, कारण हवा अपुरी पडून इंधन अर्धवट जळते. निळसर धूर तेल जळत असल्याचे आणि तापलेल्या इंजिनातून येणारा पांढरा धूर न जळलेल्या इंधनाचे किंवा आत शिरलेल्या पाण्याचे लक्षण असते. डिझेलमधले पाणी फिल्टरच्या तळाशी साचते आणि ते रोज न सोडल्यास केसाहूनही कमी फटीने बसवलेले पंप-नोझलचे भाग गंजतात. टर्बो असलेले इंजिन खेप संपताच बंद न करता दोन-तीन मिनिटे मंद चालू द्यावे, नाहीतर वेगाने फिरणाऱ्या तापलेल्या बेअरिंगचे तेल एकदम थांबते. कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत अर्धा क्लच दाबून पुढे-पुढे सरकत राहणे ही सवय तर क्लचप्लेट एका हंगामात खाते. ट्रॉलीचे हब, कमानपाटे आणि टर्नटेबल यांना ग्रीस देणे याच यादीत येते, पण ट्रॉलीला इंजिन नसल्यामुळे तिची आठवण बेअरिंग जाम झाल्यावरच होते.

पावसाळ्यातील देखभालीत कोल्हापूरने एक धडा महाग किमतीत घेतला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगळूरू महामार्गच पाण्याखाली गेला, जुलै २०२१ मध्ये पंचगंगा नदीने पुन्हा पात्र सोडले, आणि नदीकाठच्या गावांत उभी असलेली कित्येक वाहने बुडाली. पूर ओसरल्यावर वाहन सुरू होते का ते पाहण्यासाठी किल्ली फिरवणे हा सर्वांत घातक उतावळेपणा असतो, कारण हवा दाबली जाते तसे पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर सरकला, की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून आधी बॅटरीची तार सोडावी, नोझल काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर टाकावे, मग इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या आसातले तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि नवे तेल भरून थोडे चालवून तेही बदलणे भाग असते.

या साऱ्या काळजीवर पाणी फिरवणारी गोष्ट मात्र यंत्रात नसून व्यवहारात असते. वाहतुकीची बिले टनावर आणि अंतरावर निघतात, ऊसतोड टोळीला दिलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगाम संपण्याआधी वसूल व्हावी लागते, आणि त्यामुळे प्रत्येक खेपेत आणखी चार मोळ्या चढवाव्यात असे मालकाला वाटत राहते. त्या चार मोळ्यांचे पैसे पंधरवड्याच्या बिलात दिसतात; त्यांनी झिजवलेला क्लच, फुटलेला टायर आणि ताणलेला हुक यांचे पैसे पावसाळ्यात, वेगळ्या वहीत जातात, म्हणून दोहोंची बेरीज सहसा कोणी मांडत नाही. खर्चाचा असाच उलटा हिशेब सुरक्षेतही दिसतो: ट्रॅक्टरवरच्या मोठ्या आवाजाच्या टेपवर जितका खर्च हौसेने होतो, त्याच्या काही अंशात ट्रॉलीच्या मागे परावर्तक पट्ट्या, चालू दिवे आणि हुकाला सुरक्षेची साखळी बसते; शिवाय त्या टेपच्या आवाजात बेअरिंगची घरघर आणि मागच्या वाहनाचा हॉर्न या दोन्ही ऐकाव्यात अशा गोष्टी बुडून जातात. ओढीचे वाहन जाणणाऱ्याची पारख शेवटी ट्रॅक्टर किती ओढतो हे सांगण्यात नाही, तर या वाटेवर, या उताराला, या ब्रेकच्या जोरावर किती ओढू नये हे ट्रॉली भरण्यापूर्वी ठरवण्यात आहे. आणि खेपेमागे दोन टन कमी भरणे ही उपलब्ध असलेल्या सर्व देखभालींत सर्वांत स्वस्त देखभाल आहे.