लाकडाला सोडलेली जागा

पेडण्यात लाकूड वर्षातून दोनदा स्वभाव बदलते. वैशाखात दार चौकटीत सैल हलते, खिडकीची झडप झुळकेनेही आपटते, टेबलाचा खण बोटाने ओढला तरी सरकन बाहेर येतो. मिरगाचा पाऊस बसला की थोड्याच दिवसांत त्याच दाराला खांदा लावावा लागतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवाच ओली, तर लाकूड कोरडे कसे राहील? झाड पडून, चिरून, वाळून वर्षे लोटली तरी ओल पिण्याची त्याची सवय सुटत नाही. लांबीत ते फारसे बदलत नाही. रुंदीत फुगते आणि आक्रसते. दोन फूट रुंदीच्या सागवानी फळीत ऐन उन्हाळा आणि भर पावसाळा यांच्या दरम्यान चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो. सुतारकामाचे निम्मे शहाणपण मला या चार-पाच मिलिमीटरांत साठलेले दिसते.

घरामागच्या मांगरात मी कामाचे बाक बांधायला घेतले, तेव्हा गावातल्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, त्याचे नवल वाटले. त्याच्या घराण्यात कोणी बाक वापरले नव्हते. तो पडवीत जमिनीवर बसतो. फळीचे एक टोक भिंतीला टेकवतो, दुसरे तळपायाने दाबतो. पटाशी चालवताना पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट लाकडाला असे धरून ठेवतात की ते तसूभर हलत नाही. हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो ज्याच्या दारात जाईल, ते दार त्याचा कारखाना. चवथीचा पाट, लग्नाचा चौरंग, बाळंतिणीच्या घरचा पाळणा, मोडलेला नांगर, सगळे याच बैठकीत झाले. जपानचे जुने सुतारही असेच जमिनीलगत बसून करवत स्वतःकडे ओढत आले आहेत. युरोपातला सुतार उभा राहून काम करू लागला आणि त्याला पायांच्या जागी दुसरे काहीतरी लागले. पॅरिसच्या आंद्रे-जाकोब रुबो नावाच्या सुताराने १७६९ ते १७७५ या काळात आपल्या धंद्यावर मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने काढलेले बाक आजही जगभरचे हौशी सुतार बांधतात: जाडजूड फळी, तिच्या कडेशी सपाट जुळलेले भक्कम पाय, आणि वस्तू जागच्या जागी धरून ठेवायला भोके व खुंट्या.

मेस्ताची बैठक लहानपणापासून अंगात मुरावी लागते. मला ती लाभली नाही. म्हणून मला बाक लागले. पण ते बांधताना एक गोष्ट पक्की समजली. त्याचे पाय आणि माझे बाक एकच काम करतात: लाकूड स्थिर धरायचे, म्हणजे दोन्ही हात मोकळे होतात. हात मोकळे झाल्याशिवाय डोळा नीट बघत नाही.

लाकूड परसातलेच होते. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा आमच्या तालुक्यात किती माड, आंबे आणि फणस आडवे झाले याला मोजदाद नाही. आमचा फणस त्यातलाच एक. उभे झाड तोडायचे तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी लागते, आणि तसेच असायला हवे. हे झाड वाऱ्याने दिले. ओंडके डिचोलीच्या गिरणीत नेऊन चिरले. करवतीचे पाते आत शिरले तेव्हा जो पिवळा रंग उघडा पडला, तो हळदीहून उजळ होता. फणसाच्या गाभ्यातला हा रंग पक्का असतो. ब्रह्मदेशात आणि आसपासच्या देशांत बौद्ध भिक्षूंची वस्त्रे याच लाकडाच्या सालप्यांत रंगवत. तंजावरची वीणा फणसातून कोरतात, मृदंगाचे खोडही फणसाचे. उजेड लागला की पिवळा विटून तपकिरी होतो, आणि मग जुन्या घरांतल्या तुळ्यांचा तो ओळखीचा रंग येतो.

जाडीच्या इंचामागे एक वर्ष वाळवावे, असा ठोकताळा आहे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थर रचले, टोकांना मेण फासले, कारण टोकाकडून ओल लवकर उडते आणि तिथेच चीर पडते. मग पावसाळे येऊ दिले, जाऊ दिले. या वाट पाहण्याला कामातून वगळता येत नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या लोखंडाच्या ढिगात एक बसका रंधा सापडला होता. त्या काळात त्याचे पाते घासून धारेला आणले.

खाच पाडण्याचे काम सांगण्यासारखे आहे. आधी गुण्या लावून चाकूने रेघ ओढायची. पेन्सिलीची रेघ जाड असते, चाकूची रेघ पटाशीला बसायला कडा देते. पटाशी रेघेच्या किंचित आत उभी धरायची आणि मोगरीचा एकच ठोका द्यायचा. फणस मऊ नाही आणि सागासारखा तेलकटही नाही. ठोक्याला त्याचा आवाज भरीव येतो. चुरा काढत, दोन्ही बाजूंनी मध्याकडे येत, खाच आरपार होते. मग कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे त्या खाचेत बसणारे टोक, तिच्यात घालून पाहायचा. तो हाताने अर्ध्यापर्यंत गेला आणि पुढचा भाग मोगरीने गेला, तर जोड चांगला. बाकाच्या पायांचे कुसू वरच्या फळीतून आरपार काढले आणि त्यांच्या डोक्यात पाचरी मारल्या. पाचर नेहमी फळीच्या रेषांना आडवी मारायची. समांतर मारली की फळी उभी फाटते. उंची ठरवली ती तळहातावरून: सरळ उभे राहून हात खाली सोडला की तळवा जिथे टेकेल तिथे बाकाचा माथा. त्या उंचीवर रंधा मारताना कंबर वाकत नाही, अंगाचा भार आपोआप पुढे जातो.

ऐन जोडणीच्या वेळी मेस्त आला. आडव्या फळ्या दोन्ही बाजूंनी घट्ट आवळण्याची माझी तयारी पाहून त्याने हात लावून खाचेची रुंदी बघितली आणि म्हणाला, "लाकूड फुगतां रे पावसात. ताका जागो दवर."

त्या वाक्याने पुढची सगळी कामे घडवली. टेबलाचा माथा खालच्या चौकटीला खिळ्यांनी वा फेविकॉलने जखडायचा नाही. चौकटीत लांबट खाच पाडायची आणि लाकडी गुटके तिच्यात अडकवायचे, म्हणजे माथा खाली धरलेला राहतो आणि आडवा सरकूही शकतो. कपाटाच्या दाराची मधली फळी चौकटीच्या खाचेत नुसती बसवायची, चिकटवायची नाही. खण पावसाळ्यात केला तर तंतोतंत चालतो. उन्हाळ्यात केला तर वरून थोडी फट ठेवायची. पेडण्यातल्या आणि डिचोलीतल्या जुन्या घरांचे दरवाजे मी आता याच दृष्टीने बघतो. माट्टीच्या, सागाच्या त्या फळ्या किती पावसाळे फुगल्या आणि आक्रसल्या असतील, पण फाटल्या नाहीत, कारण बनवणाऱ्याने त्यांना चौकटीत फिरायला वाव दिला. त्या माणसांची नावे कुठल्याही तुळईवर कोरलेली नाहीत.

लाकडाचा दुसरा हिशेब वाळवीशी आहे. आमच्याकडे मातीला टेकलेले लाकूड तिच्यापासून वाचवायला काजूच्या टरफलांचे काळे तेल लावतात; बाकाचे पाय त्यात भिजवून मी चिऱ्यांवर उभे केले. आणि याच वाळवीने रचलेल्या वारुळापुढे आम्ही हात जोडतो. गोव्यात गावोगावी सातेरी वारुळाच्या रूपात पुजली जाते. घर खाणारी आणि देवीचे रूप उभे करणारी एकच, हे इथे कोणाला विचित्र वाटत नाही. लाकूड मातीतून आले, मातीला परत जायचे. मधली वर्षे त्याला माणसाकडे राहायची मुभा आहे, एवढेच. ती वर्षे चांगली जावीत, हे बनवणाऱ्याच्या हातात असते.

बाकावर मी सगळ्यात आधी एक बाकडेच बनवले. पेडण्याच्या देवळांत जत्रेला दशावतार होतो, तेव्हा मांडावर सामान म्हणून एक लाकडी बाकडे असते. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, आणि पुढच्या प्रवेशात कथा मागेल ते. ना नक्षी, ना पॉलिश. रात्रभर धिप्पाड पात्रांच्या उड्या सोसायच्या आणि डुगडुगायचे नाही. लहानपणापासून माझी नजर मुकुटांवर असे. आता मी चारही पायांचे जोड बघतो. पाय थोडे बाहेर झुकवलेले, खालच्या दांड्यांचे कुसू आरपार, त्यांना पाचरी. इतक्या साध्या वस्तूवर सबंध इंद्रसभा उभी राहते, कारण तिच्या जोडांवर कोणालाही शंका घ्यावी लागत नाही. घरात असे सामान हवे, असे मला मनापासून वाटते: ज्याच्यावर विसंबून माणसाने आपले खेळ, आपले जेवण, आपला अभ्यास मांडावा.

कारखान्यातल्या दाबलेल्या भुशाच्या फळीला मी नावे ठेवणार नाही. ती स्वस्त आहे आणि अनेकांच्या संसाराला तिचाच आधार आहे. पण आमच्या हवेत तिच्या कडा फुगल्या की त्या पुन्हा बसत नाहीत. अस्सल लाकूड फुगते आणि परत येते. ते दुरुस्त होते, रंधा मारून नवे होते, मोडले तर त्याचा पाट होतो, पाटाची फळी होते. म्हणून ज्यांच्या परसात पडलेला आंबा किंवा फणस आहे, त्यांनी तो सरपणाला देण्याआधी एकदा चिरून बघावा. गावात मेस्त असेल तर त्याच्या शेजारी बसावे. त्याची मुले दुसऱ्या कामांकडे गेली असतील. त्याच्या अंगठ्याला जे ठाऊक आहे ते विचारणारा कोणीतरी त्याला हवा असतो.

आता चवथीसाठी माटोळीची चौकट करायची आहे. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, तोरंजन, आंबाडे, कवंडळ, रानातून आणलेला सगळा भार गणपतीच्या डोक्यावर तिने पेलायचा असतो. चवथ भाद्रपदात, म्हणजे लाकूड सर्वांत फुगलेले असते तेव्हा. उन्हाळ्यात माळ्यावर सुटी ठेवलेली चौकट त्या दिवशी जोडली गेली पाहिजे, आणि तीही घरातल्या पोरांनी हाताने जोडावी अशी. कुसू किती बारीक करायचा ते मला आता ठाऊक आहे: वैशाखात थोडा सैल वाटेल इतका. उरलेले काम पाऊस करील.