मॉरिशसला जाताय? मग अर्धा दिवस राखून ठेवा!

मैत्रिणींनो, सहलीला गेलं तरी घरच्या बाईला खरी सुट्टी कुठं मिळते? महाबळेश्वरला जा नाहीतर गणपतीपुळ्याला. डब्यातल्या दशम्या आपल्याच हातच्या, आणि मुलांचे ओले टॉवेल वाळत घालायचे तेही आपणच. म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी “मॉरिशसला पाच दिवस जाऊ” म्हटलं, तेव्हा मी एकच अट घातली. पाच दिवस स्वयंपाकघराचं नावही काढायचं नाही! सासूबाईंनाही बरोबर घेतलं. वय सत्त्याहत्तर, पण पायांनी अगदी खणखणीत.

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जानेवारी ते मार्च हे वादळांचे महिने, तेवढे टाळा. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे सौम्य हिवाळा असतो. एखादा स्वेटर हवाच.

समुद्राचं काय सांगू! बेटाला जवळजवळ चहूबाजूंनी प्रवाळाचा कडा आहे. मोठ्या लाटा लांबवरच फुटतात आणि आतलं पाणी तळ्यासारखं शांत राहतं. पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर सासूबाई नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या राहिल्या, त्या तासभर बाहेर यायला तयार नव्हत्या. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. पायात रबरी बूट असू द्या, प्रवाळाचे तुकडे फार बोचतात.

आणि हो, तिथली डाळपुरी खाल्ल्याशिवाय परतू नका. शिजवलेल्या पिवळ्या डाळीची कोरडी पूड मैद्याच्या पारीत भरून पातळ लाटलेली पोळी. गुळाविना पुरणपोळीच म्हणा ना! दोन पोळ्यांत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची रस्सा भाजी, टोमॅटोचा ‘रुगाय’ आणि झणझणीत चटणी. रस्त्यावर उभ्या उभ्या खायची. अट मोडून सांगते, करायची कशी ते मी विचारून घेतलंच!

आता मुद्द्याचं. किनारे पाहून बहुतेक मंडळी परततात. पण राजधानी पोर्ट लुईच्या बंदरावर ‘आप्रवासी घाट’ नावाची जागा आहे, तिच्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. सुट्ट्यांच्या दिवशी बंद असू शकते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या.

इंग्रजांच्या मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मग उसाचे मळे चालवणार कोण? गुलामांऐवजी कराराने मजूर आणण्याचा प्रयोग करायचं इंग्रजांनी ठरवलं होतं. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले. १८३४ ते १९२० या काळात जवळजवळ पाच लाख माणसं भारतातून इथे आली. कुणी या बेटावर राहिली, कुणाला पुढे रियुनियन, आफ्रिका, वेस्ट इंडीजकडे पाठवलं गेलं. काळ्या दगडाच्या १६ पायऱ्या चढून ती आत येत, नोंद होई आणि मळे वाटून दिले जात. युनेस्कोने २००६ मध्ये ही जागा जागतिक वारशात घेतली.

करार पाच वर्षांचा. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना ५ रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापत. तिथल्या माहिती केंद्रात हे वाचून दाखवलं, तशा सासूबाई मटकन बाकावर बसल्या. म्हणाल्या, “अगं सूनबाई, हा तर खाडाच की गं!”

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, घरी थोडा ऊस आहे. दर हंगामात तोडणीची टोळी येते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत राबायचं, आणि आजारपणाने का होईना, दिवस चुकला की खाडा म्हणून पैसे कापले जातात. सासूबाईंनी उभं आयुष्य हे शेजारून पाहिलेलं. म्हणून त्या १६ पायऱ्या त्यांना परक्या वाटल्याच नाहीत.

बेटावर फिरताना मग आमचे डोळेच बदलले. उसाच्या शेतांत मधेमधे काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. जमीन ज्वालामुखीची, सगळा खडक. हे दगड मजुरांनी वेचून काढले, तेव्हा कुठे ऊस उभा राहिला.

नैऋत्येचा ल मोर्न हा डोंगरही असाच. पायथ्याशी पांढरी वाळू, निळं पाणी. छायाचित्रांत हाच किनारा असतो. वरचा ५५६ मीटर उंचीचा सुळका म्हणजे पळून गेलेल्या गुलामांचं लपण्याचं ठिकाण. १८३५ मध्ये ‘तुम्ही मुक्त झालात’ हे सांगायला शिपाई वर निघाले, तेव्हा पकडायलाच आलेत असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी आख्यायिका तिथे सांगतात. २००८ पासून हाही जागतिक वारसा आहे.

या मजुरांत आपली कोकणातली माणसंही होती, बरं का! त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आपली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचतात. एका देवळात भेटलेल्या निवृत्त शिक्षिकाबाई मुलांना मराठी शिकवत. घरात क्रिओल बोलणाऱ्या त्या बाई आमच्याशी जपून जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलल्या. सासूबाईंनी विचारलं, “बाई, तुमचं मूळ गाव कोणतं?” त्या म्हणाल्या, “आजी, रत्नागिरी एवढाच शब्द आमच्या घरात उरला आहे.” मग त्यांनीच सांगितलं, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आणि छायाचित्रं जपून ठेवली आहेत, लोक तिथे जाऊन आपले पूर्वज शोधतात. त्यांचाही शोध चालू होता. सासूबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

परत आल्यावर सासूबाईंनी यांना समोर बसवलं. “यंदा टोळी आली, की मुकादमाला माझ्यासमोर विचार. बाई आजारी पडली तर तिचा खाडा धरतोस का? आणि धरत असशील तर आमच्या शेतावरच्या दिवसांचा तू धरायचा नाहीस, तो आम्ही भरू.” यांनी नुसती मान हलवली. आईपुढे यांचं काही चालत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं!

तर मैत्रिणींनो, मॉरिशसला जरूर जा. पाण्यात डुंबा, डाळपुरी खा, नवऱ्याला टॉवेल वाळत घालायला लावा. फक्त अर्धा दिवस त्या घाटासाठी राखा. मुलांना बरोबर न्या, आणि घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना तर न्याच. त्यांना तिथे काय दिसेल, ते तुमच्या-माझ्या लक्षातही येणार नाही.