लंडनची सराफपेठ

सन २०२५ च्या भाद्रपदांत आम्ही उभयतां लंडनास चिरंजीवांकडे कांहीं आठवडे राहून आलों. राजवाडे, पदार्थसंग्रहालयें वगैरे यथासांग पाहिलीं. परंतु त्यांचीं वर्णनें वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें ‘सिटी’ म्हणून जो चौरस मैलाचा जुना भाग आहे, त्या सराफपेठेविषयीं.

एका मंगळवारीं सकाळीं अकराच्या सुमारास चिरंजीव आम्हांस तिकडे घेऊन गेले. (सौ. नातीजवळ घरींच राहिली.) भुयारी स्टेशनांतून वर येतांच बँक ऑफ इंग्लंडची प्रचंड भिंत दिसते. तिला खालीं खिडकी म्हणून नाहीं. देशावरच्या एखाद्या जुन्या वाड्याची आठवण व्हावी! ही बँक १६९४ सालीं निघाली. तिचे पहिले गव्हर्नर जॉन हूब्लॉन हे धर्मच्छळामुळें परमुलुखांतून आलेल्या घराण्यांतले. समोर रॉयल एक्स्चेंज. ही इमारत १६६६ त व १८३८ त अशी दोनदां जळाली, आतांची १८४४ ची. तिच्या शिखरावर सोनेरी नाकतोडा आहे. संस्थापक ग्रेशॅम याच्या कुळाचें तें चिन्ह. पण सराफकट्ट्यावर टोळ बसवावा, हें आम्हांस मोठें मार्मिक वाटलें. पलीकडच्या लोंबार्ड स्ट्रीटला नांव मिळालें तें इटलींतून आलेल्या लोंबार्ड सावकारांचें. पैशाची ही नगरी उपऱ्यांनींच वसविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होईल, पण फार मोठी नव्हे.

चिरंजीव सनदी हिशेबनीस. २०२४ च्या उन्हाळ्यांत ते येथें आले, तेव्हांचा खटाटोप आम्हीं डोळ्यांनीं पाहिला आहे. गृहखात्याचा परवाना असलेल्या मालकानें प्रथम प्रायोजकत्वाचें प्रमाणपत्र द्यावें लागतें. आम्ही कागदाची वाट पाहत होतों. तो निव्वळ एक क्रमांक निघाला! मग क्षयरोग नसल्याचा दाखला, इंग्रजी येत असल्याचा पुरावा, बोटांचे ठसे, आणि औषधोपचाराचा आकार म्हणून प्रौढ माणसामागें दरसाल १,०३५ पौंड, तेही आगाऊ. पगाराची किमान मर्यादा तेव्हां ३८,७०० पौंड होती. जुलै २०२५ त ती ४१,७०० झाली. हुद्द्याचा ठरीव दर याहून अधिक असला, तर तो धरतात.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन तो मुद्रा देई; ती जवळ असेल त्यानेंच देशांत यावें वा बाहेर जावें. अशा माणसास तेथें शब्द योजला आहे ‘समुद्र’! तें वाचतांना पूर्वीं आम्हांस हसूं आलें होतें. दादाभाई नौरोजी १८५५ त व्यापारासाठीं इंग्लंडांत आले, त्यांस असली मुद्रा लागली नाहीं. राष्ट्रकुलांतील लोकांच्या प्रवेशास आळा घालणारा कायदा झाला तो १९६२ सालीं.

असें बोलत लोंबार्ड स्ट्रीटवरून चाललों असतां आमच्या एकदम ध्यानांत आलें कीं, आज मंगळवार. चिरंजीव कचेरीस कसे गेले नाहींत? विचारलें, तेव्हां ते थोडा वेळ बोलले नाहींत.

“नाना, आमचा विभागच बंद केला. आईला इतक्यांत सांगूं नका.”

मालक सुटला कीं मुद्राही सुटते. गृहखात्याचें पत्र आलें होतें. साठ दिवसांच्या आंत दुसरा परवानाधारक मालक गांठून नवा अर्ज करावयाचा, नाहीं तर देश सोडावयाचा. सूनबाईंची मुद्रा चिरंजीवांच्या मुद्रेस जोडलेली, सबब त्यांची नोकरी आणि नातीची शाळाही त्याच साठांत आली. पैकीं एकोणीस दिवस गेले होते.

जन्मभर आम्हीं नापास मुलांस धीर दिला. त्या वेळीं एक शब्द सुचेना. “गांवीं घर आहे,” असें म्हणणार होतों. परंतु तें ऐकून त्यांस हलकें वाटेल कीं जड, याचा निश्चय होईना. रॉयल एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर बसून दोघांनीं डब्यांतल्या दशम्या खाल्ल्या. आसपास कोटबूट घातलेली मंडळीही तशींच गुडघ्यांवर डबे ठेवून जेवत होतीं.

आम्ही परतलों तो चौतिसावा दिवस. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे सत्तेचाळिसाव्या दिवशीं, फोन आला कीं नव्या पेढीचा क्रमांक हातीं पडला. “आतां आईला सांगा,” असें चिरंजीव म्हणाले.

आम्हीं सांगितलें. तिला तें केव्हांच ठाऊक होतें; सूनबाईंनीं पहिल्याच आठवड्यांत सांगितलें होतें.