ग्रुपवरचा अंगठा साक्ष देत नाही



आमच्या वस्तीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरंही त्यात आहेत. जयंतीची वर्गणी फोनवरूनच जमते, मयतीची बातमी दहा मिनिटांत सगळ्यांना कळते. हे मी कमी लेखत नाही. ज्यांना गावच्या चावडीवर बोलायची सोय नव्हती, त्यांच्या हातात आज स्वतःचं व्यासपीठ आहे.

पण गेल्या उन्हाळ्यात पाणी भरण्यावरून वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईला जातीवाचक शिवीगाळ झाली. ग्रुपवर निषेधाचा पाऊस पडला. फिर्याद द्यायला ठाण्यात तिच्यासोबत गेलो आम्ही चौघंच. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा 1989 चा आहे, पण तो साक्षीदारांच्या बळावर चालतो. सही येत नाही म्हणून आमचे आजोबा अंगठा द्यायचे. आपण शिकलो, तरी अंगठाच देतोय!

माध्यमाची ताकद बाबासाहेबांना आपल्याआधी कळली होती. 1920 ला त्यांनी 'मूकनायक' काढला. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1924 ला बहिष्कृत हितकारिणी सभा उभी केली, आणि 20 मार्च 1927 ला महाडला हजारो माणसं स्वतःच्या पायांनी चवदार तळ्यावर गेली. आधी शब्द, मग संघटन, मग कृती.

आपण पहिल्याच पायरीवर बसलोय. म्हणून ग्रुपवर बैठकीची फक्त वेळ टाका. बैठक विहारातच घ्या. साक्षीला कोण येणार, वकिलाकडे कोण जाणार, हे तिथं नावानिशी ठरवा. गावात एकट्या पडलेल्या घराला नोटिफिकेशन नको असतं, दारात उभी राहिलेली माणसं हवी असतात.